लाइन क्लिअर नसलेला हंगाम

फुटबॉलशी माझा नोकरीतला संबंध एवढाच, की रेल्वे कॉलनीतल्या पोरांचा चेंडू रुळांवर आला की तो जप्त करायचा आणि संध्याकाळी त्यांच्या बापाला बोलावून, दोन शब्द सुनावून, परत करायचा. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात छत्तीस वर्षं काढली, शेवटची काही कुर्डुवाडीला स्टेशन मास्तर म्हणून. मला मान्य असलेला गोळा एकच. एकेरी मार्गावर टोकनच्या यंत्रातून निघतो तो लोखंडी. चामड्याच्या थैलीत घालायचा, थैली वेताच्या कडीला अडकवायची, कडी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. तो गोळा जवळ आल्याशिवाय गाडीनं पुढच्या स्टेशनाकडे चाक हलवायचं नाही. एका गोळ्यामागे बावीस धडधाकट माणसं धावतात आणि हातात आला तरी घेत नाहीत, हे मला रिटायर होईपर्यंत पोरखेळच वाटत होतं.

लेक-जावई नॉर्वेत असतात. दोघांच्या नोकऱ्या पोर्सग्रुनला, घर शेजारच्या गावात. त्या गावाचं नाव पाटीवर वाचलं तर स्कीएन, पण तिथला माणूस म्हणतो शेएन. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, शेण काय म्हणतेय ती?" मे महिन्यात सहा महिन्यांच्या बोलीवर तिथे पोचलो. आठवडाभरात कळलं की गावाला अभिमानाच्या गोष्टी दोन. इब्सेन तिथे जन्मला, 1828 साली. आणि ऑड.

ऑड म्हणजे फुटबॉल क्लब. हे मला शेजारच्या म्हातारबुवांनी सांगितलं. वय चौऱ्याऐंशी, गळ्यात काळा-पांढरा मफलर, तोही जून महिन्यात. पहिल्याच भेटीत त्यांनी मला नुसत्या नावानं हाक मारली. त्यांचं ठीक, वडीलधारे आहेत. पण त्यांचा बारा वर्षांचा नातूही मला नावानंच हाक मारतो. त्या भाषेत अहो-जाहो उरलेलंच नाही म्हणे. मी मनातल्या मनात दोघांनाही अहो म्हणत राहिलो.

तर म्हातारबुवा म्हणाले, "आमचा क्लब 1894 चा. देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. कप बारा वेळा जिंकलाय."

मी सहज विचारलं, "आता कुठल्या नंबरावर आहे?"

तेवढं विचारायला नको होतं. 2024 मध्ये ऑड वरच्या वर्गातून खाली घसरला होता आणि म्हातारबुवांसाठी ते घरातलं सुतक होतं. विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, "बरं, मग सुरुवातीचं सांगा. पहिल्या-पहिल्या एखाद्या हंगामाचं टेबल दाखवा, मी समजून घेतो." टेबल म्हटलं की माझा जीव रमतो. सत्तावीस कॉलमांचं वर्किंग टाइमटेबल मी झोपेत वाचू शकतो.

म्हातारबुवा म्हणाले, "तेव्हा टेबल नव्हतं."

मला वाटलं, हरवलं असेल.

"हरवलं नाही. नव्हतंच. 1902 पासून सुरू केलंस तर डोकं फिरेल. 1908 घे. त्या वर्षी देश म्हणून आम्ही पहिल्यांदा खेळलो."

अशा रीतीनं, ज्याला ऑफसाइड कळत नाही असा माणूस नॉर्वेतल्या 1908 च्या फुटबॉल हंगामाच्या मागे लागला. हाताशी वेळ होता. बाहेर रात्री अकरापर्यंत उजेड, झोप येत नव्हती, आणि जावयानं दाखवून दिलं की त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवली आहेत. नॉर्वेत बसून घरच्या संगणकावर वाचता येतात. छान झालं म्हणून उघडली आणि बसलो कपाळाला हात लावून. छापा गॉथिक वळणाचा. अक्षरं अशी काटेरी, की जुन्या मोडी दप्तराशी त्यांचं नातं असावं असं वाटलं. एस कुठला आणि एफ कुठला, याचा निकाल लागेना. भाषाही आजची नाही, अर्धी डॅनिश. फुटबॉलला आज ते लोक फोटबाल म्हणतात, पण तेव्हा लिहायचे फोडबोल्ड. 1907 साली त्यांच्याकडे शुद्धलेखनाची मोठी सुधारणा झाली, मऊ व्यंजनं कडक झाली, आणि ती सुधारणा मानणारे व न मानणारे पुढे बरीच वर्षं एकाच गावात नांदले. आपल्याकडच्या अनुस्वारांच्या भांडणाची आठवण झाली.

लेक म्हणाली, "बाबा, मजकूर कॉपी करून भाषांतराच्या यंत्रात टाका." टाकला. यंत्रानं जे मराठी ओकलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय. "विजेने विषमवर मात केली." पुढच्या बातमीत, "आग विझली नाही, दोन गोल झाले." आणि एका ठिकाणी तर चक्क असं, की 30 एप्रिल 1902 रोजी वसंत, वीज आणि ग्राने यांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली.

हे पंचांग आहे की खेळाची बातमी?

म्हातारबुवा हसून हसून खोकायला लागले. मग एकेक गाठ सोडवली. वीज म्हणजे लिन, राजधानीतला क्लब, 1896 चा. 'लिन' या शब्दाचा अर्थच वीज. वसंत म्हणजे स्प्रिंग. तो शब्द नॉर्वेजियनमध्ये धावण्या-उडी मारण्याचा आहे, यंत्रानं तो इंग्रजी समजून ऋतू करून टाकला. ग्राने हा त्यांच्या पुराणातल्या वीराचा घोडा, म्हणजे आपल्या चेतकासारखा. या तिघांनी राजधानीत नॉर्वेची फुटबॉल संघटना काढली आणि त्याच वर्षी पहिला कप घोड्यानं नेला. आग म्हणजे ब्रान, बर्गन शहरातला क्लब. फ्रिग या क्लबाचं नाव ओडिन देवाच्या बायकोचं. उरेड हा आणखी एक, म्हणजे निर्भय. आणि आमचा ऑड विषम नाही, विचित्र नाही. शस्त्राच्या टोकाला त्यांच्या जुन्या भाषेत ऑड म्हणतात, आणि बाणांसाठी नावाजलेला एक ऑड त्यांच्या गाथांमध्ये आहे, त्याच्यावरून ठेवलेलं नाव. तालमींना हनुमानाचं नाव देतात तशातलाच प्रकार.

एवढं कळल्यावर मला वाटलं, सुटलो. पण एकदा त्रोनहाइमच्या वर्तमानपत्रात 1920 च्या दशकातल्या बातम्या चाळताना तिथेही ऑड सापडला, तोही आठवड्याआड. मी नकाशा काढला, अंतर मोजलं आणि रात्री साडेदहाला म्हातारबुवांचं दार वाजवलं. "तुमची माणसं दर दुसऱ्या रविवारी एवढ्या लांब कशी जात होती? रजा कोण देत होतं?" म्हातारबुवांनी पायजम्यातच उत्तर दिलं, की तो ऑड वेगळा. त्रोनहाइमच्या काही पोरांनी 1917 मध्ये क्लब काढला आणि नाव ठेवलं ऑड. शेएनचा ऑड आधीपासून असल्यामुळे 1928 मध्ये त्यांना ते बदलावं लागलं. बदलून ठेवलं रोसेनबोर्ग. तोच पुढे देशातला सगळ्यात बलाढ्य क्लब झाला आणि कपांच्या हिशेबात आज दोघं बरोबरीला आहेत, बारा-बारा. हे शेवटचं वाक्य म्हातारबुवांनी दार लावता लावता सांगितलं.

आता टेबलाचं. साखळी स्पर्धा, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि गुण मांडायचे, ही राष्ट्रीय पातळीवर नॉर्वेत सुरू झाली 1937-38 च्या हंगामात. पहिली फ्रेडरिकस्टानं जिंकली. त्याआधी पस्तीस वर्षं देशाचा विजेता ठरायचा तो कपात. आधी आपापल्या विभागात जिंकून यायचं, मग विभागांचे विजेते एकमेकांशी भिडायचे, आणि हरला तो घरी. म्हणून आजही तिथे गंमत आहे: कप जिंकणाऱ्याला 'नॉर्वेचा विजेता' म्हणतात आणि वर्षभर साखळीत राबून पहिला आलेल्याला नुसता 'मालिकेचा विजेता'. मला हे कळायला दोन आठवडे लागले, कारण दोन विजेते म्हणजे एकाच फलाटावर एकाच वेळी दोन गाड्या, असंच माझं डोकं म्हणत राहिलं.

1903 पासून 1906 पर्यंत सलग चार वर्षं कप ऑडचा. 1907 ला राजधानीचा मर्कंटाइल. 1908 ला लिननं जिंकला आणि नंतर 1911 पर्यंत सोडलाच नाही. 1902 च्या ग्रानेपासून 1908 पर्यंतची नावं मी वहीत एकाखाली एक लिहिली आणि सवयीनं समोर स्टेशनं लिहिली. राजधानी, शेएन, शेएन, शेएन, शेएन, राजधानी, राजधानी. तेवढ्यात, वहीतली शाई वाळलीही नसताना, माझ्या लक्षात आलं, की अरे, हा देश लांबीला एवढा आणि विजेते मात्र एकाच रुळावर.

मग मात्र मी फुटबॉल बाजूला ठेवला आणि रेल्वे काढली.

राजधानीचं नाव तेव्हा ऑस्लो नव्हतं, क्रिस्तियानिया होतं. ऑस्लो झालं 1925 मध्ये. नॉर्वेतली पहिली रेल्वे 1854 ची. आपली बोरीबंदर-ठाणे 1853 ची. हे मी म्हातारबुवांना जरा मोठ्यानंच सांगितलं. क्रिस्तियानिया ते शेएन ही लाइन 1882 मध्ये पुरी झाली. सुमारे दोनशे किलोमीटर, आणि रूळ साडेतीन फुटी. कार्ल अब्राहम पील नावाचा त्यांचा इंजिनिअर होता, त्याचा आग्रह असा की डोंगराळ, गरीब देशाला अरुंद मापाचे रूळच परवडतात. मी खुर्चीतून उठलोच. कारण कुर्डुवाडीचा जीवच मुळी बार्शी लाइट रेल्वेत. 1897 पासूनची ती अडीच फुटी गाडी, आणि मोठ्या लाइनीवरून लहान लाइनीवर पोती उतरवताना हमालांचा होणारा शिमगा मी डोळ्यांनी पाहिलेला. माप बदललं की माल बदली आली, वेळ गेला, अर्धं पोतं सांडलं. शेएनच्या पोरांना ती भानगड नव्हती. क्रिस्तियानियात बसलं की एकाच डब्यातून शेएनला उतरायचं. त्रोनहाइमलाही 1877 पासून गाडी होती, पण तिकडे हामारला गाडी बदलावी लागायची. पुढची लाइन अरुंद.

आणि बर्गन? देशातलं दुसरं मोठं शहर, पश्चिम किनाऱ्यावरचं. 1908 मध्ये बर्गनहून राजधानीला थेट रेल्वे नव्हती. मध्ये डोंगर, त्यावर बर्फ. किनाऱ्यानं बोटीत बसायचं आणि देशाच्या दक्षिण टोकाला वळसा घालायचा. ब्रान क्लब नेमका त्याच हंगामातला; स्थापना 26 सप्टेंबर 1908. म्हणजे आग पेटली, पण तिला कुठे जायला वाट नव्हती.

उलट क्रिस्तियानियाहून स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जायला रेल्वे होती. त्यांच्या हद्दीपर्यंतची लाइन 1879 मध्येच झालेली. म्हणजे राजधानीतल्या माणसाला आपल्याच देशातल्या बर्गनपेक्षा परक्या देशातलं गोथेनबर्ग सोयीचं. परकं तरी किती? 7 जून 1905 पर्यंत दोन्ही देशांचा राजा एक. वाटण्या होऊन तीनच वर्षं झालेली, आणि देशाचा पहिला सामना त्याच भावाच्या अंगणात, गोथेनबर्गला. तारीख 12 जुलै 1908. मी वार काढून पाहिला: रविवार. बरोबरच आहे. पैसे घेऊन खेळणारं कुणी नव्हतं, शनिवारी काम असायचं, आणि दहा तासांच्या दिवसाचा कायदासुद्धा नॉर्वेत यायचा होता 1915 मध्ये. रविवार सोडून खेळायचं कधी?

हा सामना समजून घ्यायला मी म्हातारबुवांच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. नॉर्वेचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना, स्वीडनचाही पहिलाच. पहिल्याच मिनिटाला गोल झाला आणि तो नॉर्वेचा. मिनोट्टी बोन या खेळाडूनं केला. मी वहीत टिक केली. गाडी वेळेवर सुटली. शेवटी निकाल काय, तर स्वीडन 11, नॉर्वे 3.

"अकरा?" मी परत विचारलं.

"पहिला आमचा," म्हातारबुवा म्हणाले. शंभरावर वर्षं झाली तरी हे वाक्य त्या देशात जपून ठेवलेलं दिसतं.

बरं, हेच स्वीडन त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या ऑलिंपिकला गेलं आणि ब्रिटनकडून 12-1 असं हरलं. मी हिशेबी माणूस. स्वीडननं नॉर्वेला आठनं हरवलं, ब्रिटननं स्वीडनला अकरानं, म्हणजे ब्रिटन नॉर्वेला एकोणीसनं हरवणार. त्रैराशिक मांडून म्हातारबुवांपुढे ठेवलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: 1920, अँटवर्प ऑलिंपिक, नॉर्वे 3, ब्रिटन 1. "त्यातले दोन गोल एइनार गुंडर्सनचे. ऑडचा माणूस." पेन्सिल परत दिली नाही, स्वतःच्या खिशात ठेवली.

माझं गणित एवढं चुकलं कसं, हे कळायला मधली वर्षं चाळावी लागली, आणि तिथे आणखी गोंधळ. 1908 नंतर देशाचा पुढचा सामना थेट सप्टेंबर 1910 मध्ये. दोन वर्षं काहीच नाही. तोही स्वीडनशी, क्रिस्तियानियात, 0-4. 1912 च्या ऑलिंपिकला डेन्मार्ककडून 0-7. ऑक्टोबर 1917 मध्ये कोपनहेगनला 0-12, आजवरचा त्यांचा सगळ्यात मोठा पराभव. आणि जून 1918 मध्ये त्याच डेन्मार्कला 3-1 असं हरवलं. तो नॉर्वेचा पहिला विजय. दहा वर्षांनी. आठ महिन्यांत बाराचे तीन-एक कसे होतात, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि म्हातारबुवांकडेही नव्हतं. ते म्हणाले, घरचं मैदान. मी म्हटलं, बघू.

मैदानाचंही ऐका. राजधानीतलं नामांकित मैदान फ्रोगनर, 1901 मध्ये सुरू झालेलं. तिथे पाणी सोडून हिवाळ्यात बर्फ करायचे आणि त्यावर स्केटिंग. उन्हाळ्यात फुटबॉल. मालक बर्फ, भाडेकरू फुटबॉल, असा कारभार. 1908 मध्ये देश ज्याच्यावर फिदा होता तो फुटबॉलवाला नव्हताच, तो स्केटिंगचा ऑस्कर मथिसन; त्या वर्षी त्रोनहाइमला जागतिक विजेता झालेला. म्हणूनच वर्तमानपत्रात फुटबॉलला मिळालेली जागा बघून मला कीव यायची. बोटींच्या वेळा, कॉफीच्या जाहिराती, तंबाखू, आणि त्यांच्या बगलेत चार ओळी.

एवढं वाचून झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, एकदा सामना तरी बघा." गेलो. ऑडचं मैदान, गवत प्लॅस्टिकचं, पाऊस बारीक. दारातल्या टपरीत क्लबच्याच आया-बापांनी वॅफल भाजायला घेतले होते, पगाराशिवाय. गणपती मंडळात वर्गणीवाल्यांनीच प्रसादाच्या पुड्या बांधाव्यात तसं. वॅफलवर तपकिरी गोडसर चीजची पातळ चकती. हिला ते खरवसासारखं लागलं, मला साबणासारखं. दोघांनीही संपवलं.

मग ते ऑफसाइड. समोरच्या पोरानं छान गोल केला, लोक उठले, आणि पंचानं तो रद्द केला. मी म्हटलं, का? म्हातारबुवांनी माझ्या हातातली कागदी बशी घेतली, तिच्यावर साखरेचे खडे मांडले. चेंडू पुढे दिला त्या क्षणी तुझ्यापुढे समोरच्या संघातले दोन तरी असले पाहिजेत. नसले तर तू अवैध. "आणि 1908 मध्ये तीन लागायचे. 1925 पर्यंत." त्यांनी तिसरा खडा ठेवला. मला एकदम उजेड पडला. म्हणजे हा सिग्नल आहे! पुढचा ब्लॉक मोकळा दिसतोय म्हणून गाडी आत घालायची नाही. लाइन क्लिअर मिळाली पाहिजे. मी हे समजावून सांगितलं तर म्हातारबुवा म्हणाले, आयुष्यभर मी हे लोकांना समजावत आलो, पण माझंच मला इतकं अवघड कुणी करून दाखवलं नव्हतं.

त्या 1908 च्या नियमांत आणखीही एक गोष्ट आहे. गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातानं अडवता यायचा. चौकोनापुरतं बंधन आलं 1912 मध्ये. बदली खेळाडू नाही. पाय मुरगळला तर दहाजणांत ओढायचं. डोळे मिटून मी तो सामना बघायचा प्रयत्न केला. गोलकीपर मैदानाच्या मध्यापर्यंत येऊन हातानं चेंडू अडवतोय, पुढे पाच फॉरवर्ड वाट बघत उभे. कीपर, बॅक, कॉर्नर, ऑफसाइड हे शब्द त्यांच्याकडेही इंग्रजांचेच राहिले, आपल्यासारखे. तेवढाच काय तो दिलासा.

सामन्याआधी राष्ट्रगीताचा विषय निघाला. ते ब्यॉर्नसननं लिहिलेलं. मी म्हटलं, तुमच्या ब्यॉर्नसनच्या नाटकावरून आमच्याकडे 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' झालं, मराठी रंगभूमी त्यानं बदलली. म्हातारबुवांनी मान हलवली, पण नजर मैदानावर. इब्सेनच्या गावात ब्यॉर्नसनचं कौतुक किती करणार.

ऑगस्ट संपता संपता मी चार्ट केला. कंट्रोल ऑफिसात असतो तसा: उभ्या बाजूला स्टेशनं, आडव्या बाजूला तारखा, आणि प्रत्येक गाडीची तिरकी रेघ. 1908 चा हंगाम. वरपासून त्रोनहाइम, हामार, बर्गन, क्रिस्तियानिया, शेएन, गोथेनबर्ग. खडकाळ भाग फिकट तपकिरी रंगवला. राजधानी आणि शेएनच्या पट्ट्यात निळ्या रेघा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी गोथेनबर्गला उतरणारी एक लाल रेघ, तिच्या टोकाला 11-3. बर्गनच्या ओळीत 26 सप्टेंबरला नुसता एक ठिपका, ना येणारी रेघ ना जाणारी. स्टेशन बांधून तयार, रूळ पोचलेले नाहीत. शरदात राजधानीवर लिनचं नाव.

चार्ट म्हातारबुवांच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिला. मग बोटानं कागदाच्या वरच्या कडेला, त्रोनहाइमच्याही वर, टेबलाच्या लाकडावर टकटक केलं.

"इथे काय आहे?"

"इथे? कागद संपला."

"इथे अर्धा देश आहे."

खरं होतं. बोडो, ट्रॉम्सो, हामरफेस्ट. तिकडे 1893 पासून किनाऱ्याची टपालबोट जायची, हे मला वाचून माहीत होतं. पण म्हातारबुवांनी जे सांगितलं ते नव्हतं. उत्तरेकडच्या क्लबांना कपात घेतलं ते 1963 मध्ये, आणि वरच्या साखळीत 1972 मध्ये. म्हणे दर्जा कमी आणि प्रवास महाग. 1902 पासून 'नॉर्वेचा विजेता' ठरवत होते ते अर्ध्या नॉर्वेला दाराबाहेर ठेवून. आत घेतल्यावर बारा वर्षांत, 1975 ला, बोडोच्या ग्लिम्टनं कप उचललाच.

मी ताबडतोब माझं तत्त्वज्ञान पुढे केलं. बोडोला रेल्वे पोचली 1962 मध्ये, आणि कपाची दारं उघडली 1963 मध्ये. बघा! रूळ आले, मग फुटबॉल आला.

"ट्रॉम्सोला अजून रेल्वे नाही," म्हातारबुवा म्हणाले. "आणि ते वरच्या वर्गात खेळतात. आम्ही नाही."

यावर मी गप्प बसलो. चहा आला होता, तो प्यालो. त्यांच्या नातवानं चार्टाला वरून एक कोरा कागद चिकटपट्टीनं जोडला आणि मला नावानं हाक मारून विचारलं, आता त्या ठिकाणांची अंतरं लिहू का. लिही म्हटलं.

आमची परतीची तिकिटं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी म्हातारबुवा निरोपाला आले. चार्ट त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर चार चुंबकांनी लावलेला आहे, असं लेकीनं आधीच सांगितलं होतं. म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात येशील तेव्हा 1909 चा कर. बर्गनची लाइन झाली त्या वर्षी. ठिपक्याला रेघ मिळेल."

मी वही काढून तारीख पाहिली. बर्गनची रेल्वे राजाच्या हस्ते सुरू झाली ती 27 नोव्हेंबर 1909 रोजी.

"नाही मिळणार," मी म्हटलं. "सत्तावीस नोव्हेंबरला तुमच्याकडे मैदानावर बर्फ असतो. गाडी आली तेव्हा हंगाम संपला होता."

म्हातारबुवांनी बोटांवर महिने मोजले. मान हलवली.

"लेट," ते म्हणाले. हा शब्द त्यांना मीच शिकवला होता. "मग 1910 चा कर." आणि टेबलावरची माझी लाल पेन्सिल उचलून त्यांनी खिशात टाकली. निळी आधीच त्यांच्याकडे होती.